बैलाचा खुराक आणि बायकोची पोटगी

लग्नात, दहाव्याला, एसटीत, मी वकील आहे असं कळलं की शेजारचा माणूस थोडा वेळ दम धरतो. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारतो, "बाई, पोटगीला टक्के किती धरतात हो?" आणि मी काही विचारायच्या आधीच तोच सांगून टाकतो, "एका मित्राचं आहे."

या मित्राला मी अजून भेटलेले नाही. पण नगर जिल्ह्यात त्याच्याइतका गांजलेला माणूस दुसरा नसावा.

टक्क्यांचा प्रश्न का येतो ते मला कळतं. आमच्याकडे दूध उदंड. सकाळी केंद्रावर कॅन न्यायचा, मशीन फॅट दाखवतं, तक्त्यावर बोट फिरवलं की दर कळतो. लोकांना वाटतं, कोर्टातही तसंच मशीन असणार. वरून नवरा ओतला की खालून आकडा पडणार. तसं मशीन नाही. असतं तर इतकी वर्षं माझी चूल कशावर पेटली असती?

मी जामखेड तालुक्यातली. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी गावात आत्याजवळ राहून शिकले. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. लोक ओळख करून देताना आडनाव सांगतात, मी पदवी सांगते. वकिलीला प्रवेश घेतला तेव्हा बापाने विचारलं, "ह्यात पुढं काम काय असतं?" मी म्हटलं, "दुसऱ्याची भांडणं भांडायची." बाप म्हणाला, "ते तर तुझी आई बिनफीचं करती."

तर पोटगी कशी ठरते, हे आधी सरळ सांगते. दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता आणि खर्च शपथेवर लिहून द्यायचा. मग न्यायाधीश बघतात, की नवरा किती कमावतो, बायको काही कमावते का, एकत्र होते तेव्हा घर कसं चाललं होतं, दोघांच्या जिवावर आणखी कोण आहे, वय काय, दुखणी काय. बायको चार ब्लाऊज शिवते म्हणून पोटगी बुडत नाही, तिची शिलाई हिशेबात धरतात इतकंच. धडधाकट नवरा "मला काम नाही" म्हणाला तरी सुटत नाही. हातपाय शाबूत आहेत ना, मग कमाव, असं कायदा म्हणतो. आणि घटस्फोट झाला की पोटगी संपली, हा पारावरचा कायदा आहे, कोर्टातला नाही. नातं मोडलं तरी पोट मागे उरतं. बाईने दुसरं लग्न केलं नसेल आणि तिचं तिला भागत नसेल, तर तिला मागता येतं.

इतकं सोपं आहे. अडचण फक्त 'शपथेवर' या शब्दापाशी येते.

पगारदाराचं एक वेळ बरं. पगार बँकेत पडतो, लपवायला जागा कमी. तरी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरसाहेबांनी जबाबाच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीत, त्याच खुर्चीत जाऊन बसले. शेतकऱ्याचं तसं नाही. बायकोने अर्ज टाकला रे टाकला की नवरा भूमिहीन होतो. रान वडिलांच्या नावावर, दूध आईच्या खात्यावर, ट्रॅक्टर भावाचा. एरवी बांधावरच्या बोरीसाठी भावाचं डोकं फोडणारा माणूस कोर्टात मात्र सर्वस्व त्याग केलेला साधू असतो. त्यात कोर्टात यायचा पोशाख वेगळा. एका गावच्या दोन नवऱ्यांच्या केसेस माझ्याकडे होत्या. दोघंही आपापल्या तारखेला उसवलेल्या कॉलरचा एकच शर्ट घालून आले. दुसऱ्याला मी म्हटलं, "शर्ट फिरता आहे वाटतं तुमच्यात?" तो लाजला, पण शर्ट पुढच्या तारखेलाही तोच.

बायकांचंही सांगते, नाहीतर म्हणाल वकीलबाई एकतर्फी. माझी एक अशील गावात ब्यूटी पार्लर चालवत होती आणि अर्जात 'निराधार अबला' लिहा म्हणून हटून बसली होती. मी म्हटलं, "भुवया जरा कमी कोरून या, मग लिहू." ती दुसऱ्या वकिलाकडे गेली. तिथे हरली.

पण सांगायचं आहे ते संगीताचं. नाव बदललं आहे, बाकी काही बदलायची गरज नाही.

संगीता आली तेव्हा तिशी ओलांडलेली. सासर पारनेर तालुक्यात, माहेर नेवाशाकडे. मूल झालं नाही. डॉक्टरकडे तपासण्या झाल्या त्या फक्त तिच्या. एक दिवस नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि नंतर कोर्टात सांगितलं, ती आपणहून निघून गेली. कोर्टाची नोटीस आली ती तिच्या भावाच्या हातात. भाऊ म्हणाला, "जाऊ नको कोर्टात. चिडतील. आपसूक नेतील नांदायला." ती गेली नाही. तिच्या पाठीमागे घटस्फोट झाला.

हा भाऊही सांगण्यासारखा. बाप वारल्यावर त्याने बहिणीला बोलावून साडीचोळी केली, पुरणपोळी खाऊ घातली आणि नोंदणी कचेरीत नेऊन वडिलांच्या जमिनीवरचा हक्क तिला लिहून सोडायला लावला. आमच्याकडे ही रीतच आहे. न सोडणाऱ्या बहिणीला माहेर बंद. आता तीच बहीण परत आली, तर वर्षाच्या आत त्याला तिची भाकरी जड झाली. तो हक्क मला परत मिळवून देता आला नाही. खुशीने सही केली, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगून बसली होती. तिच्यासारख्या कितीतरी जणी माझ्या टेबलासमोर बसून गेल्या आणि प्रत्येकीने मला त्या साडीचा रंगसुद्धा सांगितला.

"बाई," संगीता म्हणाली, "भाऊ म्हणतो दिवाळीनंतर तुझं तू बघ. आन् तिकडून सासूचा निरोप आलाय. परत ये म्हणत्यात."

"परत? घटस्फोट दिलाय ना तुला?"

"व्हय. लग्न न्हाई लावायचं म्हणत्यात. नुसतं ऱ्हायला ये."

"कशाला?"

"म्हशी हायेत सहा. सासूचं गुडघं गेलं. त्याला दुसरी पोरगी बी कुणी देईना."

इतक्या वर्षांत मी बरंच ऐकलं आहे, पण घटस्फोट दिलेल्या बायकोला म्हशी पिळायला परत बोलावण्याचा निर्लज्जपणा मलाही नवा होता. पोटगी मिळाली तर संगीता नगरजवळ केडगावला खोली घेऊन शिलाईवर जगणार होती. नाही मिळाली तर ना बायको ना गडी, अशी त्या गोठ्यात जाणार होती. गड्याला निदान सालाची मजुरी ठरवून मिळते.

नवऱ्याचं नाव रावसाहेब धरू. नगर जिल्ह्यात बारशालाच माणसाला साहेब करून टाकतात, पुढे काही होवो न होवो. त्याने शपथेवर लिहिलं होतं की तो मोलमजुरी करतो आणि तीही रोज मिळत नाही. रान, दूध, ट्रॅक्टर यांची व्यवस्था वर सांगितल्याप्रमाणे लागलेलीच होती.

मी संगीताला विचारलं, "घरी असताना खर्च कशावर व्हायचा ते आठवून सांग."

तिने क्षणाचाही विचार केला नाही. "कलेक्टरवर."

कलेक्टर हा रावसाहेबाचा शर्यतीचा बैल. पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली, आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटला की म्हणे नुसती धूळ दिसते. त्याला रोज चार लिटर दूध, गावरान अंडी, उडदाची डाळ, खारीक, वर पंखा. महिन्याला जनावरांचा डॉक्टर येऊन तपासून जायचा. मी मनात म्हटलं, ज्या घरात बैलाची तपासणी महिन्याला होते, त्या घरात नवऱ्याची एकदाही झाली नाही.

पण कागदावर कलेक्टरही रावसाहेबाचा नव्हता. तो गावातल्या मित्रमंडळाचा होता. मंडळाच्या अध्यक्षाने तसं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

"आता गं?" मी म्हटलं.

संगीता म्हणाली, "बाई, त्याला काय बी म्हणा, त्यो खाली मान घालून ऐकून घेतो. पर बैलाला कुणी नाव ठेवलं ना, तर दोन दिस जेवत न्हाई."

मी कायद्याची पुस्तकं मिटली आणि चहा मागवला.

उलटतपासाच्या दिवशी रावसाहेब तोच तो शर्ट म्हणावा असा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या बाजूने आमच्या बारमधले ज्येष्ठ वकील होते, त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांचा आवाज मोठा आणि तयारी बेताची.

"काम काय करता?" मी विचारलं.

"मोलमजुरी."

"जमीन?"

"वडिलांची हाय. माझं काय बी न्हाई."

"बैल?"

"मंडळाचा. मी आपला वैरण टाकतो. पुण्याचं काम."

तात्या उभे राहिले. "साहेब, हे पोटगीचं प्रकरण आहे, पशुप्रदर्शनाचं नाही. बैलाचा संबंध काय?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, कुटुंबाचं राहणीमान बघायचं आहे. अर्जदार बाईचं म्हणणं आहे की कुटुंबात राहणीमान होतं ते बैलाचंच."

"विचारा," साहेब म्हणाले.

मी कागद चाळल्यासारखं केलं. "बरोबर आहे तुमचं, रावसाहेब. मंडळाचाच असणार. आम्हीही चौकशी केली. बैल काही खास नाही म्हणतात लोक."

त्याची मान वर आली. "कोण म्हणतंय?"

"पाय बारीक आहेत म्हणे. वयही झालं. घोडेगावच्या बाजारात असे बैल दिवस कलला की पडेल भावात देऊन टाकतात."

"घोडेगावच्या बाजारात?" रावसाहेबाने पिंजऱ्याचा कठडा धरला. "बाई, बाजारात उभा करायचा बैल हाय का त्यो? दारात येत्यात लोक इचारायला! गाड्या घिऊन!"

"रावसाहेब..." तात्यांनी हाक मारली.

"थांबा तात्या. पाय बारीक म्हनं! मागल्या यात्रेला ट्रॅक्टर जिकलाय त्यानं. एक जन म्हनला, किंमत तू सांग. म्या म्हनलं, कलेक्टर इकायचा न्हाई."

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "कलेक्टर कोण?"

"बैल, साहेब," मी म्हटलं.

"मग तो मंडळाचा बैल तुम्ही विकायचा नाही असं कसं म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"मंडळाचा कशाचा!" रावसाहेब गरजला. "मंडळातल्या एकाला तरी जवळ येऊ देतो का त्यो? माझा हाय. वासरू असल्यापासनं म्या वाढवलाय. पोटच्या पोरावानी!"

तात्या खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

मग काय, नळ फुटला. खारीक कुठून येते, अंडी किती, डाळ किती, डॉक्टर कितीला पडतो, नगरहून खास तेल कोणतं येतं, सगळं रावसाहेबाने अभिमानाने सांगितलं. मी मध्ये एकदाच विचारलं, "हे सगळं मोलमजुरीतून?" तर म्हणाला, "न्हाई वो. दूध हाय ना घरचं. आन् कांदा बरा झाल्ता दोन वर्सं." मी खाली बसले. रावसाहेब निम्म्याहून अधिक वेळ स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत होता आणि त्याचा चेहरा सत्कार चालल्यासारखा फुलला होता.

माणूस शपथेवर स्वतःला भिकारी म्हणवून घेईल, पण स्वतःच्या बैलाला म्हणवून घेणार नाही.

निकाल लागला. साहेबांनी बैलाचा रोजचा खुराक निकालपत्रात मांडला आणि पुढे लिहिलं की जो माणूस एका जनावरावर एवढा खर्च करू शकतो, त्याला पूर्वपत्नीच्या दोन वेळच्या जेवणाची आणि डोक्यावरच्या छपराची ऐपत नाही, हे मानता येत नाही. रक्कम काही राजवाडा बांधण्याइतकी नव्हती. एका खोलीचं भाडं, किराणा आणि वर थोडं. अर्ज केला त्या तारखेपासून द्यायची. रावसाहेब बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, एवढं तर माझ्या बैलाला बी लागत न्हाई." मी म्हटलं, "मग तिला बैलाइतकंच द्या, आम्ही वर अपील करत नाही." त्याने खरोखर बोटांवर हिशेब केला आणि वाटेला लागला.

इथपर्यंत ऐकलं की लोकांना वाटतं, जिंकली केस. नवखेपणी मलाही असंच वाटायचं. निकालाचा कागद घरी नेऊन चुलीवर ठेवला तरी त्याचा चहा होत नाही. पोटगी ठरवणं अर्धं काम, उरलेलं अर्धं वसुली, आणि ते कोणत्याच पुस्तकात धड शिकवत नाहीत. रावसाहेबाने एक पैसा दिला नाही. आम्ही वसुलीचा अर्ज केला, वॉरंट निघालं. पोलीस गेले की रावसाहेब गावात नाही. कधी आळ्याला, कधी मंचरला, कधी "कुठं गेलाय ठावं न्हाई." इकडे दिवाळी होऊन गेली. संगीताच्या वहिनीने तिचं शिलाई मशीन पडवीत काढून ठेवलं. सासूचा निरोप पुन्हा आला. संगीता मला म्हणाली, "बाई, जाऊ का? तिथं निदान दूध तरी मिळंल."

मी तिला एकच विचारलं, "त्यांच्या गावची यात्रा कधी आहे?"

यात्रेच्या दिवशी हवालदार घाटात गेले. हजारोंच्या गर्दीत माणूस हुडकायचा कसा, ही त्यांना काळजी होती. काळजीचं कारण नव्हतं. लाउडस्पीकरवर रावसाहेबाचंच नाव चाललं होतं. सेमीफायनल मारून कलेक्टर फायनलला आला होता आणि रावसाहेब त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत होता. हवालदारांनी फोटो होऊ दिला आणि मग वॉरंट दाखवलं.

दुपारी मी आणि संगीता कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. आधी पोलिसांची गाडी आली आणि तिच्या मागोमाग एक टेम्पो. टेम्पोतून गुलालाने माखलेले वीसपंचवीस बाप्ये उतरले. पुढे मंडळाचे अध्यक्ष, तेच ते सहीशिक्क्याचे.

"वकीलबाई कोण? तुमी का? बाई, काय देणं हाय ते एका दमात सांगा."

"सगळी थकबाकी आहे. नाहीतर हे आत जातील," मी म्हटलं.

"आत गेला तर गाडा कोण जुपनार? त्याच्याबिगर कलेक्टर कुणाला हात लावू देत न्हाई. पाचला फायनल हाय!"

"मग भरा."

त्यांनी भरलं. तिथल्या तिथे टोपी फिरली. एकाने कांद्याची हिशेबपट्टी होऊन आडत्याकडून आलेले पैसे काढले, एकाने बायकोला फोन करून तिच्या खात्यातले मागवले, कुणी फोनवरून इकडचे तिकडे फिरवले. जिला त्या गावाने बारा वर्षं पाणी भरताना, शेण काढताना, म्हशी पिळताना बघितलं, ती माहेरी हाकलली गेली तेव्हा यातला एकही बाप्या रावसाहेबाला "का रे?" म्हणाला नव्हता. बैलाची फायनल चुकते म्हटल्यावर अर्ध्या तासात वर्गणी उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. ते माझ्याकडे बघत होते ते उशीर होतोय म्हणून. अध्यक्ष तर कारकुनाला म्हणाले, "साहेब, जरा हात उचला. बैल उन्हात हाय."

साहेबांसमोर रक्कम संगीताच्या हातात आली. तिने सही केली. साहेबांनी रावसाहेबाला सोडलं आणि पुढच्या महिन्याची आठवण दिली. त्याने मान डोलावली. पुढच्या महिन्यात तो द्यायचा नाही, हे मला ठाऊक होतं आणि तसंच झालं. तेव्हापासून मी वसुलीचा अर्ज पंचांगापेक्षा यात्रांचं वेळापत्रक बघून टाकते. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही, पण कायदा लिहिणारे आमच्या भागातले नव्हते.

बाहेर टेम्पो सुरू होऊन हॉर्न मारत होता. रावसाहेब त्यात चढता चढता थांबला आणि मागे वळून संगीताजवळ आला. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता. मला वाटलं, शिव्या देतो की काय.

"झालं ना मनासारखं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उपकार होते. "आता घे आवरून. आईच्यानं होत न्हाई. म्हशी खोळंबल्यात."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं दोन कलमांचं. पण संगीताने माझ्या हाताला धरून मला मागे केलं. पदर खोचला, पिशवी काखेत घट्ट धरली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"म्हशी इका," ती म्हणाली.

आणि मला म्हणाली, "चला बाई, केडगावची खोली चारच्या आत बघायचीय. मालकीण म्हणती, नंतर ती घाटात जाणार हाय शर्यत बघायला."